कॅप्टन मतीन अहमद अन्सारी

दर वर्षीं नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं हाँगकाँग शहराच्या मध्यभागीं असलेल्या दगडी स्मारकस्तंभापाशीं एक गंभीर समारंभ होत असतो. हा स्तंभ पहिल्या महायुद्धांतील मृतांसाठीं १९२३ सालीं उभारला गेला, व दुसऱ्या महायुद्धानंतर त्यावर त्या युद्धाचींही वर्षें कोरण्यांत आलीं. निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधि, माजी सैनिक व त्यांचीं मुलें-नातवंडें तेथें जमतात, बिगुलाचे सूर उमटतात, दोन मिनिटें सर्व मंडळी निःशब्द उभी राहते आणि मग फुलांचीं चक्रें वाहिलीं जातात. पुढें डिसेंबरच्या आरंभीं तेथील सै वान टेंकडीवरील युद्धस्मशानांत असाच दुसरा समारंभ होतो. यांत पुढाकार कॅनडाच्या लोकांचा असतो, कारण हाँगकाँगच्या रक्षणासाठीं आलेल्या त्यांच्या १,९७५ सैनिकांपैकीं ५५० हून अधिक घरीं परतले नाहींत. आणि त्यांतले जवळजवळ निम्मे लढाईंत नव्हे, तर शत्रूच्या कैदेंत मेले. परंतु फुलें वाहिलीं जातात तीं केवळ कॅनडाच्या लोकांसाठीं नव्हेत. त्याच टेंकडीवर इंग्रजांचीं, हाँगकाँगच्या स्वयंसेवकांचीं आणि आपल्या हिंदी शिपायांचींही नांवें आहेत. ज्या हिंदु व शीख शिपायांच्या देहांस त्यांच्या धर्माप्रमाणें अग्नि दिला गेला, त्यांच्यासाठीं तेथें निराळें स्मारक आहे.

या टेंकडीपासून दूर, बेटाच्या दक्षिण टोंकास, स्टॅन्ली म्हणून एक लहानसें द्वीपकल्प आहे. तेथील लष्करी स्मशानांत कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांची कबर आहे. ज्यांनीं दुसऱ्या महायुद्धाचा लष्करी इतिहास वाचला असेल त्यांस हें नांव परिचित आहे. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र तें बहुधा ठाऊक नसतें. म्हणून यंदाच्या अंकांत त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अन्सारी हे हैदराबादचे, आणि या अर्थानें ते आपलेच होत. आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होते. लातूर तर त्या काळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक तालुका असून त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. आपल्या आजोबा-पणजोबांस कचेरीचें काम पडलें तर तें उर्दूंत चालत असे, आणि काम मोठें असलें तर नांदेडच्या स्टेशनावर लहान रुळांच्या आगगाडींत बसून हैदराबादेस जावें लागे. सैन्याचा संबंध तर याहूनही जवळचा आहे. निजामाच्या खर्चानें व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी कंटिंजंट फौज ठेविलेली होती, तिच्या छावण्या हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, येथें होत्या. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली व पुढें तिच्या पायदळाची हैदराबाद रेजिमेंट बनली. हिलाच १९४५ सालीं कुमाऊं रेजिमेंट हें नांव मिळालें. या रेजिमेंटची एक पलटण आणि निजामाच्या स्वतःच्या पायदळाची एक पलटण जपानशीं युद्ध जुंपलें तेव्हां मलायांत होती, व त्यांतील पुष्कळ शिपाई पुढें जपान्यांचे कैदी झाले. अन्सारी यांची पलटण मात्र या दोहोंपैकीं नव्हती.

त्यांचा जन्म हैदराबादेंतील एका प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांत झाला. लष्करी पेशा त्यांनीं पतकरला तो काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. १९१७ सालापर्यंत पायदळांत अगर घोडदळांत राजाची सनद घेऊन इंग्रजाच्या बरोबरीनें अधिकारी होणें हिंदी मनुष्यास बहुधा शक्यच नसे. पुढें थोड्या तरुणांस विलायतेस जाऊन तें साधूं लागलें, आणि १९३२ सालीं डेहराडूनची लष्करी पाठशाळा निघाल्यावर ही वाट कांहींशी रुंद झाली. तरीही अन्सारी यांच्या वेळीं बहुतेक पलटणींत वरचे अधिकारी गोरे आणि शिपाई काळे अशीच स्थिति होती. ते ७ व्या राजपूत रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत दाखल झाले. या रेजिमेंटमध्यें राजपूत हिंदु व पंजाबी मुसलमान असे दोन्ही प्रकारचे शिपाई होते. ही पलटण हाँगकाँगच्या रक्षणासाठीं पाठविली गेली.

हाँगकाँग हें चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेट इंग्रजांनीं १८४१ सालीं घेतलें, मागाहून समोरच्या मुख्य भूमीवरील कांहीं मुलूखही त्यास जोडला, आणि १९९७ सालीं हें सर्व त्यांनीं चीनला परत दिलें. ८ डिसेंबर १९४१ रोजीं, पर्ल हार्बरवरील हल्ल्यास कांहीं तासच लोटले असतां, जपानी सैन्य त्याच्या सरहद्दीवर चालून आलें. रक्षणास सुमारें १४ हजार माणसें होतीं. त्यांत दोन ब्रिटिश पलटणी, दोन कॅनेडियन, दोन हिंदी, तेथील रहिवाशांचें स्वयंसेवक दल आणि हिंदी गोलंदाजांचा मोठा भरणा असलेला तोफखाना होता. सेनापति मेजर जनरल माल्टबी हे स्वतः हिंदी सैन्यांतलेच अधिकारी होते. विमानें केवळ नांवाला होतीं, तीं बहुतेक पहिल्याच सकाळीं जळालीं. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती, हें वरिष्ठांस आधींपासूनच ठाऊक होतें.

मुख्य भूमीवरील तटबंदी दोन दिवसांत फुटली. सैन्य बेटावर मागें घेण्यांत आलें, तेव्हां सर्वांच्या शेवटीं, १३ डिसेंबरला, पाठीमागचा मारा सोशीत जी पलटण खाडी उतरून आली ती राजपुतांची. तिलाच मग बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर ठेविलें गेलें. आणि १८ डिसेंबरच्या रात्रीं जपानी होड्या नेमक्या त्याच किनाऱ्याला लागल्या. त्या रात्रीं व दुसऱ्या दिवशीं राजपुतांचे इतके अधिकारी व शिपाई पडले कीं, पलटण म्हणून ती जवळजवळ संपली. बाकीचें सैन्य आणखी आठवडाभर डोंगरांतून झुंजत राहिलें. अखेर २५ डिसेंबरला, नाताळाच्या दिवशीं, शरणागतीचें निशाण लागलें. त्याच पहांटे स्टॅन्ली येथील सेंट स्टीफन्स कॉलेज या मिशन शाळेंत, जेथें वर्गांतून खाटा टाकून इस्पितळ केलें होतें, जपानी शिपायांनीं शिरून अंथरुणावरील जखमी लोकांस ठार मारलें. ज्या दिवशीं आपण आपल्या शाळेच्या मंदिरांत गाणीं गातों त्या दिवशीं हें घडलें, ही गोष्ट आम्हांला दर नाताळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

कैद्यांची वांटणी जपान्यांनीं विचारपूर्वक केली. गोरे शिपाई एका छावणींत, गोरे अधिकारी पुढें दुसरीकडे, स्टॅन्लीस नागरिक, आणि हिंदी लोक मा-ताउ-चुंग नांवाच्या निराळ्या छावणींत. युद्धकैद्यांस माणुसकीनें वागविण्याचा जो करार १९२९ सालीं जिनीव्हा येथें झाला होता, त्यावर जपानच्या प्रतिनिधीची सही होती, पण त्या सरकारनें तो कायम केला नव्हता. भात, थोडा पाला, आणि रोगराई. औषधें जवळजवळ नाहींत. असें सर्वत्र चालत असे. हिंदी छावणींत मात्र याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे प्रलोभन. तुम्ही आशियाचे लोक, इंग्रजांनीं तुम्हांस गुलाम केलें, आतां आमच्या बाजूस या, अन्न मिळेल, मान मिळेल, असा उपदेश तेथें चालू झाला. कांहीं कैदी वळले, कांहींस पहारेकऱ्याचें काम देण्यांत आलें. उपासमारीनें ग्रासलेल्या शिपायास त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार, पोटभर जेवून ही ओळ लिहिणाऱ्या आम्हांस आहे असें आम्हांला वाटत नाहीं.

अन्सारी हे एका मोठ्या हिंदी संस्थानाधिपतीचे जवळचे नातलग आहेत, ही गोष्ट जपान्यांच्या कानीं गेली, आणि त्यांच्यावर विशेष दृष्टि वळली. असा मनुष्य आपल्या बाजूनें बोलला तर शेंकडों शिपाई त्याच्यामागें येतील हा हिशेब सरळ होता. त्यांनीं इंग्रजांवरील निष्ठा जाहीरपणें सोडावी व हिंदी कैद्यांत असंतोष पसरवावा अशी मागणी करण्यांत आली. त्यांनीं नकार दिला. मग १९४२ च्या मे महिन्यांत त्यांस स्टॅन्लीच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. हा तुरुंग इंग्रजांनींच १९३७ सालीं बांधून उघडला होता. चार महिने उपासमार व मारहाण सोसून सप्टेंबरच्या आरंभीं ते बाहेर आले तेव्हां त्यांस आपल्या पायांवर चालतां येत नव्हतें.

येथें गोष्ट संपली असती तरी ती सांगण्यासारखी झाली असती. एकदां इतकें भोगल्यावर मनुष्यानें छावणीच्या एका कोपऱ्यांत पडून युद्ध संपण्याची वाट पाहिली, तर त्याला कोणीं नांव ठेवावें? अन्सारी यांनीं तसें केलें नाहीं. छावणींत परत येतांच आपलें मत बदललें नसल्याचें त्यांनीं पुन्हां उघडपणें सांगितलें, शिपायांस धीर दिला, आणि याहूनही धोक्याचें काम हातीं घेतलें: पळून जाऊं इच्छिणाऱ्या कैद्यांस मदत करण्याची एक व्यवस्था त्यांनीं उभारली.

ही व्यवस्था कशी चालत असे, हें समजण्यासाठीं छावण्यांच्या बाहेर पाहिलें पाहिजे. हाँगकाँग विद्यापीठांत शरीरशास्त्राचे अध्यापक असलेले लिंडसे राइड हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९४२ च्या जानेवारींतच कैदेंतून निसटून स्वतंत्र चीनमध्यें पोंचले होते. त्यांनीं तेथें एक गुप्त संघटना काढली. पळून येणाऱ्यांस वाट दाखविणें, छावण्यांत औषधें व निरोप पोंचविणें आणि शत्रूची बातमी काढणें हें तिचें काम. निरोप नेणारे बहुतेक गरीब चिनी लोक असत. रेशनची गाडी घेऊन छावणीच्या दारांत येणारा चिनी चालक चिठ्ठी घेऊन जाई, दुसरी ठेवून जाई, आणि सांपडला तर जिवाला मुके. यांतील बहुतेकांचीं नांवें समारंभांत वाचलीं जात नाहींत, म्हणून आम्ही त्यांचा उल्लेख येथें मुद्दाम करीत आहों. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या छावण्या, स्टॅन्लींतील नागरिक व हिंदी छावणी या सर्वांस अशा धाग्यांनीं या संघटनेशीं जोडलेलें होतें.

१९४३ च्या वसंतांत जपान्यांच्या हातीं हे धागे एकेक करून लागूं लागले. मे महिन्यांत कोणी तरी विश्वासघात केला व अन्सारी दुसऱ्यांदा स्टॅन्लीच्या तुरुंगांत गेले. या वेळीं पांच महिने. त्यांस उपाशीं ठेवण्यांत आलें व त्यांचे हाल करण्यांत आले. त्या हालांचें वर्णन आमच्या लहान वाचकांसाठीं येथें करण्याची गरज नाहीं. आपण कोणाकोणाच्या बरोबर काम केलें हें सांगून टाकलें असतें तर हाल थांबले असते, एवढें समजलें म्हणजे पुरे. शेवटीं इंग्रज, चिनी व हिंदी मिळून तीसांहून अधिक बंदिवानांबरोबर त्यांस मरणाची शिक्षा सांगण्यांत आली, आणि १९४३ च्या ऑक्टोबरांत त्या सर्वांचा स्टॅन्ली येथें वध झाला. अन्सारी यांचा शिरच्छेद करण्यांत आला. त्या वेळीं त्यांनीं वयाची तिशीही गांठली नव्हती. त्याच मेळ्यांत हाँगकाँग सरकारचे एक कायदेपंडित जॉन फ्रेझर हे होते. त्यांनींही छळ सोसला, पण जोडीदारांचीं नांवें सांगितलीं नाहींत. डिसेंबरांत कर्नल न्यूनहॅम, कॅप्टन फोर्ड व फ्लाइट लेफ्टनंट ग्रे या तिघांस अशाच आरोपावरून गोळ्या घालण्यांत आल्या.

३० ऑगस्ट १९४५ रोजीं ब्रिटिश आरमार हाँगकाँगच्या बंदरांत शिरलें व छावण्यांचीं दारें उघडलीं. कैदी बाहेर आले तेव्हां ही हकीकत जगापुढें आली. १९४६ च्या एप्रिलांत अन्सारी यांस मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हें पदक १९४० सालीं सहाव्या जॉर्ज बादशहांनीं सुरू केलें. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूसमोर रणांगणावर गाजविलेल्या शौर्यासाठीं मिळतो. जेथें समोर रणांगण नाहीं अशा ठिकाणच्या तितक्याच मोठ्या धैर्यासाठीं जॉर्ज क्रॉस आहे. फ्रेझर, न्यूनहॅम, फोर्ड व ग्रे या चौघांसही तोच मिळाला. मलायांत कैद झालेले बहावलपूर पलटणीचे कॅप्टन महमूद खान दुराणी यांसही तो १९४६ सालींच मिळाला. त्यांची कथा अन्सारी यांच्या कथेशीं पुष्कळ जुळते, फरक इतकाच कीं, ते वांचले.

आतां एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. इयत्ता नववीच्या वर्गांत आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, ज्या इंग्रजांस आपण देशाबाहेर घालवीत होतों, त्यांच्याशीं निष्ठा ठेवून हा मनुष्य मेला, तर त्याचा आपणांस अभिमान कां वाटावा? आणि तो ज्या घराण्याचा नातलग, त्याचें नांव मराठवाड्यांत कोणीं प्रेमानें घ्यावें? प्रश्न रास्त होता. याच मुलांच्या घरांतून रझाकारांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, आणि दर वर्षीं १७ सप्टेंबरला आम्ही सर्व जण निजामी राजवटीच्या अंताचा दिवस म्हणून झेंड्याला वंदन करतों.

या प्रश्नाच्या जोडीला आम्ही स्वतःच आणखी एक नांव ठेवतों. हैदराबादेंतच १९११ सालीं जन्मलेले आबिद हसन हे जर्मनींत शिकत असतां नेताजी सुभाषचंद्र बोस यांस जाऊन मिळाले. १९४३ च्या फेब्रुवारींत नेताजींबरोबर पाणबुडींत बसून निघाले, वाटेंत हिंदी महासागरांत जपानी पाणबुडींत बदलले, आणि मे महिन्यांत सुमात्राच्या किनाऱ्याला उतरले. ज्या मे महिन्यांत अन्सारी दुसऱ्यांदा तुरुंगांत गेले, तोच हा महिना. एकाच शहराचे दोन मुसलमान तरुण. एक जपान्यांच्या मदतीनें देश सोडविण्यासाठीं सर्वस्व पणाला लावतो, दुसरा जपान्यांस नकार देऊन मरतो. आबिद हसन यांनीं पुढें स्वतंत्र भारताचे वकील म्हणून परदेशांत काम केलें व ते १९८४ सालीं वारले. त्यांच्या देशभक्तीविषयीं शंका घेण्याचें कांहीं कारण नाहीं.

मग अन्सारी यांच्याविषयीं काय म्हणावें? आम्हीं वर्गांत जें सांगितलें तें असें. अन्सारी यांच्यापुढें जो प्रश्न होता तो लंडनचा किंवा दिल्लीचा नव्हता; तो त्या छावणीच्या कुंपणाच्या आंतला होता. ज्यांनीं त्यांच्या हुकुमावरून गोळ्यांस तोंड दिलें त्या शिपायांस, आणि ज्यांनीं चिठ्ठ्या नेतांना त्यांच्यावर भरंवसा ठेवला त्या चिनी चालकांस विकून स्वतः सुटावें कीं नाहीं, एवढेंच त्यांस ठरवावयाचें होतें. राजनिष्ठा या शब्दाचा अर्थ काळाप्रमाणें बदलतो, आणि इंग्रजी राज्यावरील निष्ठा ही आज आपणांस परकी वाटते हें आम्ही कबूल करतों. पण त्यांच्या शपथेच्या मागें माणसें उभीं होतीं, व तीं माणसें त्यांनीं दगा देऊन मारलीं नाहींत. आमच्या या उत्तरानें त्या विद्यार्थ्याचें पुरतें समाधान झालें नाहीं. त्याच्या वडिलांनींही नंतर शाळेंत येऊन आमच्याशीं या विषयावर बराच वेळ सौजन्यानें वाद घातला, आणि दोघांनींही आपापलीं मतें कायम ठेवलीं. असो.

स्टॅन्लीचें तें स्मशान समुद्राच्या अगदीं जवळ, झाडींत, उतरणीवर आहे. तेथें फार जुन्या, १८४० च्या सुमारच्या इंग्रजी पलटणींच्या कबरी आहेत, आणि त्यांच्याजवळच युद्धांतील कैद्यांच्या. कॅप्टन अन्सारी यांच्या कबरीच्या आसपास जे आहेत त्यांत कोणी गोरा आहे, कोणी चिनी आहे. कोणी अधिकारी, कोणी कारकून. जवळच सेंट स्टीफन्स कॉलेज अजून चालू आहे. ज्या वर्गांतून जखमी मारले गेले व मागाहून कैदी नागरिक राहिले, त्या ठिकाणीं आज मुलें शिकतात, आणि पलीकडे तो तुरुंगही अजून तुरुंगच आहे. नोव्हेंबरच्या त्या रविवारीं शहरांतल्या स्तंभापाशीं बिगुल वाजत असतांना, येथें मात्र बहुधा समुद्राचाच आवाज येत असतो.